वारा नाही म्हणून

जावयाबरोबर एकाच ठिकाणी नोकरी करू नये, हे मी कुणालाही लिहून देईन. घरी त्याला पाटावर बसवायचं आणि कामावर त्याच्यावर खेकसायचं, जमणार कसं? त्यात आमचं कामाचं ठिकाण भर समुद्रात. एकच लोखंडी प्लॅटफॉर्म, वर पवनचक्की आणि खाली माशांचे जाळीचे पिंजरे. माशांची सगळी यंत्रं चक्कीच्याच विजेवर चालतात. वीजवाल्यांचं आणि आम्हा मासेवाल्यांचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य.

जावई पाणबुड्या आहे. तो पिंजऱ्यात उतरला की त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असतं. एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर ये.

त्या दिवशी पंप तुंबला होता. मेलेले मासे तळातून ओढून वर ट्रेमध्ये टाकतो, तो पंप. त्याचं तोंड साफ करायचं म्हणजे कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो. म्हणून नियम असा, की पाणबुड्यानं आधी चक्कीच्या खोलीतला स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात अडकवून उतरायचं. पण ती खोली वीजवाल्यांची. त्यांच्या नाकदुऱ्या कोण काढणार? वारा पडलेला असला की आमच्यातलं कुणीच तिकडे फिरकत नाही. पाती उभी म्हणजे पंप मेला, असंच सगळे धरून चालतात.

"मामा, वारा कुठाय? पंप काय तुमच्या फुंकरीनं सुरू होणार?" जावई म्हणाला आणि उतरला. मीही मान डोलावली.

दोरी धरून मी कठड्याशी बसलो. समुद्र तेलासारखा सपाट होता. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. जरा वेळानं मानेला गार लागलं. बरं वाटलं हो! शर्टाचं बटण सोडलं, तेवढ्यात डोक्यावर काहीतरी कुरकुरलं.

वर पाहिलं तर पातं हललं होतं.

मी तीन हिसके दिले. खालून एक आला. ठीक! अरे, कसलं डोंबलाचं ठीक? पुन्हा तीन दिले. पुन्हा एकच आला, तोही वैतागून दिल्यासारखा. पातं एव्हाना अर्धं फिरलं होतं आणि त्याच्यामागून दुसरं येत होतं. चक्कीनं वेग धरला की पंप आपोआप सुरू होतो, त्यासाठी कुणाला बटण दाबावं लागत नाही.

"बाई!" मी बोंबललो. वीजवाल्यांच्या वायरमन बाई प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला डबा खात बसल्या होत्या. "स्विच पाडा! माझा माणूस खाली आहे!"

"कुलूप नाही घातलं?"

"नाही घातलं! पळा आधी!"

डबा तिथंच टाकून त्या धावल्या. मी कठड्याला पाय लावून दोरी ओढायला लागलो. येईना. खाली कुणीतरी बांधून ठेवावी तशी ताठ झाली होती. हात पंपाच्या तोंडात अडकलाय, दुसरं काय? मुलगी रोज फोनवर विचारते, "बाबा, हे जेवले का?" मी जेवलो का, ते कधी विचारत नाही. तिला मी काय सांगणार होतो?

पायाखालचं लोखंड थरथरायला लागलं. पंप सुरू झाला होता.

पाइपनं घाण पाणी ओकलं. एक मेलेला मासा ट्रेमध्ये पडला, मग आणखी दोन. त्यांच्यामागून जावयाचा केशरी हातमोजा आला. दोरी एकदम सैल पडली आणि मी पाठीवर आपटलो.

पंप थांबला. बाईंनी स्विच पाडला असावा. मी मात्र त्या हातमोज्याकडे बघत बसलो होतो. तो फुगलेला होता. उचलायची हिंमत होईना. देवा, रिकामा असू दे, एवढंच तोंडातून येत होतं. शेवटी बोटाच्या टोकानं ढकलला, तर आतून भळकन पाणी सांडलं. नुसतं पाणी.

शिडीवर उघडा हात दिसला. मनगट सोलून लाल झालेलं. मी तो हात असा धरला, की वर येईपर्यंत आणि आल्यावरही सोडला नाही. एकेक बोट दाबून पाहिलं. मग दुसऱ्या हातानं त्याच्या कानाखाली वाजवली आणि रडायला लागलो. बाई चक्कीच्या खोलीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, पण मला कसली लाज वाटली नाही.

जावयाचे दात वाजत होते.

"तीन हिसके दिले होते मी!" मी ओरडलो. "दोनदा दिले! कळत नाही तुला?"

"कळलं होतं, मामा," तो म्हणाला. "पण तुम्ही रोजच देता. कधी जेवायला चल म्हणून, कधी उशीर झाला म्हणून. मला वाटलं, आजही तसंच असेल."