बियाचा कोपरा

उजेड तलावावर एकदम येत नसे. आधी तो बांधाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडांच्या शेंड्यांना शिवे, मग बुंध्यांवरून सावकाश खाली उतरे, पाळीचा मुरूम घटकाभर तांबूस करी आणि पाण्याची परवानगी मागत असल्यासारखा काठाकाठाने पुढे सरके. वैशाखात पाणी खोलगट भागांपुरते आक्रसले होते. भोवतीच्या ओल्या चिखलात बगळ्यांची पावले उमटलेली, आणि प्रत्येक पावलात उजेडाचा एकेक थेंब साचलेला. देवधानाच्या, त्या पाणथळीतल्या रानभाताच्या, वाळक्या काड्यांतून गाळून आलेला तो उजेड सगळ्यांत शेवटी बियाच्या कोपऱ्यात पोचे. तिथले पाणी खोल, काळे. तिथे त्याचा रंग शेंदरी होई, आणि वाऱ्याची झुळूक आली की तो शेंदरी तुकडा असंख्य कणांनी थरथरू लागे.

लोकेश रोज हे पाहत बसे. आज त्याने मान वळवून घेतली. आज त्या कोपऱ्यात जाळे पडायचे होते.

ढिवर मच्छीमारांच्या त्या वस्तीत बियाच्या कोपऱ्यात कधी कोणी जाळे टाकले नव्हते. कोपऱ्याभोवती बांबू रोवलेले, त्यांवर पळसाच्या डहाळ्या बांधलेल्या. उन्हाळ्यात सारा तलाव ओढून काढावा, पण डहाळ्यांच्या आत गळही टाकू नये, असा रिवाज. आत राहिलेले मरळ आणि शिंगूर हे गावठी मासे पावसाळ्यात वीण घालत आणि तलाव पुन्हा भरून काढत. या कोपऱ्याची राखण लोकेशच्या घराकडे होती. बाप, कवडू, वारल्यावर ती त्याच्याकडे आली. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्याला गावाने दिलेले हे एवढेच मोठेपण. राखणदाराने कोपऱ्याविषयी जे सांगावे, ते कोणी पडताळून पाहत नसे.

मग एका पुरात, वरच्या अंगाला कोणीतरी खड्ड्यात कोंबड्यांच्या आतड्यांवर पोसलेला परदेशी मांगूर मासा बांध फोडून तलावात उतरला. पहिल्या वर्षी जाळी जड झाली म्हणून लोक हसले. दुसऱ्या वर्षी मच्छीमार संस्थेने सोडलेली रोहूची बोटुकली, बोटाएवढी पिल्ले, नाहीशी झाली. त्यानंतर जाळ्यात दुसरे काही येईनासे झाले.

संस्थेचे अध्यक्ष सेवकराम गेल्या वर्षीच म्हणाले होते, "कोपराही ओढून पाहू. मांगूर तिथं लपून राहिला असंल तं बाहेरचा किती मारशीन?"

तेव्हा लोकेश उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर.

"आत बीज हाय, काका. आखाडात पिल्लं पाह्यली मी. मरळीचा लाल थवा होता, पाण्यावर."

"सोताच्या डोळ्यानं?"

"हो."

सेवकरामांनी टोपी सारखी केली. "राखणदार म्हणते तं हाय. राहू द्या कोपरा."

त्या रात्री लोकेशला बाप आठवला होता आणि छाती भरून आली होती.

यंदाही साऱ्या तलावातून नुसता मांगूरच निघाला, आणि कोपरा ओढायचे ठरले. आता पाळीवर माणसे जमली होती. लोकेशची आई पार्वताबाई रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. केशोरीच्या बाजारात ती मासळी विकत असे.

"काल एक बाई मरळ मागे," ती शेजारच्या मंदाबाईला सांगत होती. "बाळंतिणीले पाहिजे म्हणे. मांगूर दाखवला तं नाकाले पदर लावून गेली."

"तुह्या लोकेशच्या कोपऱ्यात हायेत ना मरळी?" मंदाबाई हसली. "पण त्या बी त्याच्यासारख्याच. तोंडच नाही दाखवत कोणाले!"

हशा पिकला. लोकेशही ओठांच्या कडेने हसला, कारण न हसणे अधिक अवघड होते.

"काऊन रे बाबू," सेवकराम त्याच्याजवळ येऊन हळू म्हणाले, "डहाळ्या तू काढतं का मी काढू?"

"मीच काढतो, काका."

त्याने बांबू एकेक करून उपटले. चिखल त्यांना सोडायला तयार नव्हता. मग तो छातीइतक्या पाण्यात शिरला, जाळ्याचे एक टोक धरले, आणि समोरच्या काठावरून बाकीच्यांनी ओढायला सुरुवात केली. दोर ताणला गेला. जाळे जड होते. इतके जड की त्याचे दंड भरून आले, आणि त्या भाराबरोबर एक वेडी आशा त्याच्या अंगात चढली. हाताला धडका बसत होत्या. जिवंत, मोठ्या मासळीच्या धडका.

"हाय, काका! हाय आत!" तो ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता.

जाळे काठाला लागले.

काळी, बिनखवल्यांची, लांब मिशांची अंगे एकमेकांवर वळवळत होती. काही जाळ्यातून निसटून चिखलावरून सरपटत पाण्याकडे निघाली. कोणीतरी काठीने त्यांना ठेचू लागले. लोकेश गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तो ढीग उपसू लागला. बुळबुळीत अंगे बाजूला सारत तळापर्यंत गेला. काटे बोटांत रुतले. तळाशी शिंपले होते, पळसाची कुजकी पाने होती.

पार्वताबाई विळा घेऊन खाली आली. त्यांतला सगळ्यांत मोठा मांगूर तिने उभा चिरला. पोटातून एक खेकडा निघाला, आणि त्यामागून अर्धा विरघळलेला, लहान मांगूर.

"दुसरं खायले उरलंच नाही त्याले," ती म्हणाली. "घरच्यालेच खाऊन राहिला."

गावाने साऱ्या तलावात ज्याचा पाठलाग केला, त्याला लपायला एकच जागा होती, आणि तिच्याभोवती डहाळ्या बांधून एक माणूस पहाऱ्याला बसवला होता.

"अन् पिल्लं?" मंदाबाईने विचारले. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "लाल थवा पाह्यला होता ना तू?"

सेवकराम त्याच्याकडे पाहत होते. रागाने पाहते तर बरे झाले असते.

लोकेशने मान वर केली. रिकाम्या कोपऱ्यात पाणी हळूहळू निवळत होते. त्यावर एक शेंदरी तुकडा आला आणि वाऱ्याने असंख्य कणांनी थरथरू लागला. थेट तसाच. त्या आखाडात, पाऊस उघडलेल्या एका सकाळी, त्याने पाळीवरून पाहिला होता तसा. तेव्हा तो जवळ जाऊन बघायला उठला होता, आणि दोन पावले टाकून परत खाली बसला होता.

"तो उजेड होता," लोकेश म्हणाला.