जांभई

या, असे पुढे सरकून बसा. मध्ये मोकळी जागा ठेवू नका, शब्द तिथेच सांडून जातात. आज एका जांभईची गोष्ट सांगायची आहे. ऐकता ऐकता तुम्हालाही आली, तर सांगणारा रागावणार नाही.

मिस्त्री गाडीखाली उताणा शिरला होता आणि बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते. अप्पांची लेक त्या पायांपाशी उकिडवी बसून त्यांनाच विचारल्यासारखं एकेक विचारत होती.

"ब्रेक?"

"नवे टाकलेत. जोरात दाबशील तर नाक आपटेल काचेवर."

"स्टेपनी?"

"हवा भरलीय. जॅक, पाना, ओढायचा दोर, सगळं डिकीत. अगं, गाडी अप्पाची आहे. ती तुला दगा देणार नाही, तूच तिला देशील."

"मी कशाला दगा देऊ?"

"आणखी थोडं जाऊ, आणखी थोडं जाऊ, करत अंधारात हाकत बसशील. दिवस बुडाला की मुक्काम. शब्द दे आधी, मग बाहेर येतो."

लेकीने शब्द दिला. मिस्त्री बाहेर आला.

अप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. लेक माईला आपल्याकडे न्यायला आली होती, कायमचं. रस्ता दोन दिवसांचा. सामान बांधून झालं होतं, देवांची पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती, वायपरची रबरंसुद्धा बदलली होती. अडलं होतं ते एका उशीवर.

माई उशी घेऊन बाहेर आली आणि तिने ती मागच्या सीटवर ठेवली. लेकीने उचलून पुढे ठेवली. माईने पुन्हा मागे नेली.

"माई, पुढे बस ना माझ्याशेजारी."

"पुढे बसून मी काय करू? मागे आडवी होईन."

"बोल काहीतरी माझ्याशी. तेवढाच रस्ता सरेल."

"तुझ्याकडे रेडिओ आहे की," माई म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढची ती सीट माईची. माई गायची ती फक्त तिथे बसून. चार माणसांत तिचा घसा कोरडा पडे. घरी गुणगुणली तरी नळाचं पाणी मोठं सोडून. पण गाव मागे पडून रस्ता सरळ लागला, की अप्पा भलीमोठी जांभई देत. जबडा निखळेल की काय असं वाटे.

"झोप येतेय गं. म्हण काहीतरी, नाहीतर तिघंही जाऊ खड्ड्यात."

मग माई घाबरून देवाचं एखादं पद सुरू करी. आधी पुटपुटल्यासारखं, मग जरा उघडं, आणि पहिला घाट चढेपर्यंत काच खाली करून मोकळ्या गळ्याने. मागे आडवी पडलेली लेक डोळे घट्ट मिटून घेई. पोर जागी आहे असं कळलं तर माई थांबेल, ही तिला धास्ती. लहानपणची सगळी पदं तिने अशी झोपेचं सोंग घेऊन ऐकली होती.

अप्पा गेले आणि माईचा सूर बंद झाला. देवापुढेही ती नुसतेच हात जोडी. गाद्या, भांडी, पेटी, सगळं गाडीत मावेल. माईचा आवाज मात्र इथेच राहून जाईल, ही भीती लेकीला आल्या दिवसापासून खात होती.

मिस्त्री चहाला टेकला तेव्हा ती म्हणाली, "काका, अप्पांना गाडीवर झोप फार यायची ना? माईच जागं ठेवायची त्यांना."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. माई आत आहे ना, हे मान लांब करून पाहिलं.

"झोप? अप्पाला? अगं, मालाच्या ट्रकवर मी त्याचा क्लीनर होतो. मी घोरायचो आणि तो चालवायचा. स्टिअरिंग हातात आलं की झोप त्या माणसाच्या वाऱ्याला उभी राहत नसे."

"मग त्या जांभया?"

"मीही विचारलं होतं एकदा. म्हणाला, जांभई दिल्याशिवाय ती गात नाही रे." मिस्त्री कपात बघत हसला. "वहिनींना सांगू नकोस हं. इतक्या वर्षांची फसवणूक, वाईट वाटेल त्यांना."

सकाळी निघताना माईने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दाराला नमस्कार केला आणि उशी घेऊन मागेच बसली. लेकीने आरसे नीट केले, पट्टा लावला, माईलाही लावायला सांगितला, आणि गाडी सुरू केली.

गल्ली संपायच्या आत तिने जांभई दिली. चांगली मोठी, आवाजासकट.

"माई, झोप येतेय गं."

मागे माईने उशी बाजूला सारली.

"गाडी बाजूला घे," माई म्हणाली.

ती उतरली, पुढचं दार उघडून बसली, साडी सावरून पट्टा लावला.

"आत्ता तर उठलीस. लबाड कुठली, अगदी बापावर गेलीस. पण त्यांच्या डोळ्यांत निदान पाणी तरी यायचं."

लेकीचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. "तुला माहीत होतं?"

"आणि मागे जी झोपायची ना, तिला धड घोरतासुद्धा यायचं नाही."

"मग वर्षभर एक ओळ का नाही म्हटलीस?"

माईने काच खाली केली. "जांभई दिली का कुणी?"

तिने घसा खाकरला. पहिला सूर चुकला. ती थांबली, पुन्हा धरला. 'वाट तुझी, चाल माझी, हात सोडू नको देवा.' लेकीने आरशात पाहून गाडी हळूच रस्त्यावर घेतली. माईचं गाणं ती पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी ऐकत होती.

तर मंडळी, तुम्हीही कधी लांबच्या वाटेला लागाल. पट्टा लावा, दिवस बुडाला की मुक्काम करा. आणि शेजारचं माणूस फारच गप्प वाटलं, तर कधीही झोप न येणाऱ्या त्या अप्पांची एकदा आठवण काढा.