माझे डोळे बांधणाऱ्याचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला कॅमेरा आहे आणि मी सूड घेतलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. उगाच संतपणाचा आव मला आणता येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या मॅडमनी मला घरी बसून जुळवलं. फुटक्या मोबाइलचं भिंग, बोटभर सर्किट, एक मेमरी कार्ड आणि अंगावर घालायला साबणाची डबी. मग त्यांनी मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फळ्याशेजारच्या खांबावर बसवलं. समोर काही हललं की फोटो काढायचा आणि कार्डावर ठेवायचा, एवढंच माझं काम.

सुरुवातीला पोरं बिचकली. "आता खाजवायचीसुद्धा चोरी!" असं एकजण म्हणाला. पण हळूहळू त्यांना माझा उपयोग कळला. शिकवणारी एकटी बाई आणि टेबलं डझनभर, लक्ष देणार तरी कुठेकुठे? कुणी डोळ्यांवर गॉगल चढवला नाही, कुणाच्या ब्युरेटची तोटी गळतेय, हे मॅडम माझ्या फोटोंवरून दाखवून द्यायच्या. आजारी पडलेली मुलं नंतर येऊन माझे फोटो बघायची आणि प्रयोगाची मांडणी शिकून घ्यायची. पाहुणे आले की मॅडम कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवायच्या. मी साबणाच्या डबीत मावेनासा व्हायचो.

मग मॅडमना दुसऱ्या इमारतीत हलवलं आणि प्रयोगशाळा सरांच्या ताब्यात गेली. त्यांना 'सर' म्हणणं माझ्या जिवावर येतं, पण पोरं म्हणतात म्हणून म्हणतो. "हे काय डबडं लटकवलंय?" हे त्यांचं माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. आम्लाच्या वाफांनी माझं भिंग धुरकटलं, वर धूळ बसली, पण सरांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. पाहिलं ते एका मुलीने. तिचा चष्मा जाडजूड, म्हणून सगळे तिला चष्मिश म्हणायचे. स्वतःचा चष्मा पुसून झाला की त्याच फडक्याने ती माझंही भिंग पुसायची. "तुझाही नंबर वाढला वाटतं रे," म्हणायची.

नुसतं दुर्लक्ष मी गिळलं असतं. पण सरांनी माझे डोळे बांधले. प्रयोगशाळेत खाणंपिणं सक्त मना, तशी पाटी सरांनीच दारावर लावलेली. आणि मधल्या सुट्टीत पोरं बाहेर गेली की हेच महाशय प्रथमोपचाराच्या पेटीतून चिकटपट्टी काढायचे, माझ्या भिंगावर डकवायचे आणि चंचुपात्रात स्वतःचा चहा उकळायचे. तोही चष्मिशच्या टेबलावर, कारण तिथली इलेक्ट्रिक शेगडी लवकर तापायची. पोरं परतायच्या आत पट्टी निघालेली असायची. जखमेवरची पट्टी माझ्या डोळ्यावर! त्या डिंकाने माझं भिंग पार चिकट करून टाकलं. मी दात-ओठ खात होतो. थांब लेका, म्हटलं, माझीही वेळ येईल.

आली की! त्या दिवशी सर घाईत होते. आधी चहा ठेवून बसले आणि मग त्यांना माझी आठवण झाली. धावत आले, पट्टी डकवली. पुढचं मी फक्त ऐकलं. त्यांचा फोन वाजला, बोलत बोलत ते बाहेर गेले. शेगडीला खेटून काचसामान धुण्याच्या ॲसिटोनची बाटली होती. ते ॲसिटोन म्हणजे पेट्रोलचंच भावंड, ठिणगीला टपलेलं. भस्सकन आवाज झाला. धावती पावलं आली, माझ्या डोळ्यावरची पट्टी खसकन निघाली, आणि त्यानंतर सर ओरडले, "आग! आग!"

माणूस कुणी भाजलं नाही, पण टेबल जळालं, महागडा वजनकाटा वितळला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाई स्वतः आल्या.

"टेबल हिचं, शेगडी हिची," सरांनी चष्मिशकडे बोट केलं. "चालू ठेवून गेली. हिला पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देऊ नका."

म्हणजे प्रात्यक्षिकाची परीक्षा नाही. म्हणजे पोरीचं वर्ष गेलं.

"मी प्लग काढला होता, मॅडम. आईशपथ!" ती रडत म्हणाली.

"तो कॅमेरा काय म्हणतो?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

"तो? अहो, भंगार आहे ते. कधीचं बंद पडलंय."

भंगार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"चालू आहे, मॅडम," चष्मिश नाक पुसत म्हणाली. "त्याचा दिवा बघा ना, लुकलुकतोय."

माझं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. एका फोटोत चष्मिश प्लग काढत होती. त्यानंतरच्या एका फोटोत सरांचा चेहरा, भला थोरला, नाकातले केस दिसतील असा. बोटांत चिकटपट्टी. खांद्यामागे शेगडीचा लाल दिवा, वर चंचुपात्र आणि काठावरून लोंबणारा चहाच्या पुडीचा दोरा.

"हे काय उकळतंय, सर?"

"ते... द्रावण आहे, मॅडम."

"साखर किती घालता द्रावणात?"

चष्मिशला रडता रडता हसू फुटलं. प्राचार्यबाईंनी पुढचा फोटो उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यातही सरांचंच तोंड होतं. पट्टी नुकती काढलेली, आणि मागे अख्खं टेबल पेटलेलं.

"मागे आग लागलीय," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही आधी पट्टी काढताय?"

सर रुमालाने कपाळ पुसू लागले. बोला ना आता, म्हटलं, बोला! मला भंगार म्हणताना कशी जीभ चालत होती! बाई एकेक जुना फोटो उघडत गेल्या. प्रत्येक सुट्टीत तेच तोंड, तीच पट्टी. कुणाचे डोळे बांधायचे तर आधी त्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागतं, एवढं शहाण्याला कळलं नव्हतं.

चष्मिश परीक्षेला बसली. सरांकडून प्रयोगशाळा काढून घेतली आणि सगळ्या वर्गापुढे त्यांना तिची माफी मागायला लावली. त्याचाही फोटो मी काढला. कुणी सांगितलं नव्हतं, पण समोर काही हललं की मी काढणारच.

सूड वाईट असतो, असं तुम्हाला शिकवलं असेल. असेल बुवा! मला तर गोड लागला. तुमच्याही प्रयोगशाळेत माझी स्वस्तातली भावंडं खांबावर बसलेली असतील. त्यांचं भिंग अधूनमधून पुसत जा, मित्रांनो. तेवढंही जमत नसेल, तर निदान त्यांचे डोळे बांधायला जाऊ नका. आणि गेलातच, तर केस विंचरून जा.