टेबलाखालचा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मुक्काम शाळेच्या क्रीडाखोलीत, टेबलाच्या तुटक्या पायाखाली. हसू नका, मित्रांनो. माझ्यासाठी एका विद्वानाने वीस वर्षं डोळेफोड केली होती. वाचनालयात मुलं मला उघडायला रांग लावत. मग हे टेबल डुगडुगू लागलं आणि फुटबॉलच्या सरांना माझी जाडी पसंत पडली. या गृहस्थांनी जन्मात एकच पुस्तक हाती धरलं असेल, ते मी. तेही उंची जुळते का, ते बघायला!

त्यांचं वैद्यकही तसंच. मूल पडलं की तोंडावर पाणी मारायचं, बोटं किती ते विचारायचं आणि रक्त नसेल तर पुन्हा मैदानात पिटाळायचं.

अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गोलरक्षक मुलीला आत आणलं. तिचं डोकं गोलखांबावर आपटलं होतं. "आपण कितीने पुढे आहोत?" हे ती तिसऱ्यांदा विचारत होती.

"साधं टेंगूळसुद्धा नाही. चल, ऊठ," सर म्हणाले.

तिची मावशी आमच्या शाळेत ग्रंथपाल. ती धावत आली. "हिला दवाखान्यात नेते, सर. हे कन्कशन आहे."

"मोठमोठे शब्द नकोत, बाई. रक्त कुठाय ते दाखवा."

मावशीने हिसका देऊन मला ओढलं. टेबल कलंडलं आणि सरांचे लाडके चषक खणाखण खाली आले. मला फार बरं वाटलं.

"कन्कस, क्रियापद," ती वाचू लागली. "जोराने हादरवणे. मूळ लॅटिन. 'क्वाटेरे' म्हणजे हलवणे, त्याआधी जोर देणारा 'कॉन'. यात रक्ताचं नाव तरी आहे का? मेंदू आतून हादरलाय तिचा!"

ती मुलीला घेऊन गेली. संघ हरला. सरांनी मला पायाने पुन्हा टेबलाखाली सारलं. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

महिन्याने मुलगी आली. तिने टेबलाखाली लाकडी ठोकळा सारला, मला उचललं, तेच पान काढलं. बराच वेळ बघत राहिली. मग सगळ्या संघासमोर तिने मला सरांपुढे धरलं.

"सर, तुम्ही वाचता? मला अजून अक्षरं हलताना दिसतात."

सर वाचू लागले. 'हलवणे' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

मित्रांनो, माझी कीव करू नका. माझं एक पान वाचायला या माणसाला एका मुलीचं डोकं लागलं. तुम्ही फुकटात वाचा.