पहिला घास

मावशी गॅलरीत ओली चादर झटकत होती. लेक आतून फोन घेऊन आली आणि काही न बोलता तो तिच्या नाकासमोर धरला.

"अगं, लांब धर जरा. काय आहे?"

"बघ."

पडद्यावर खाटांची रांग दिसत होती. पुढच्या खाटेवर एक म्हातारी उशीला टेकून हसत होती आणि कुणीतरी तिचंच चित्रण करत होतं. मागच्या खाटेवर एक बाई दुसऱ्या म्हातारीला चमच्यानं सूप भरवत होती. त्या म्हातारीनं तोंडातलं सगळं बाईच्या अंगावर थुंकलं आणि किंचाळली. बाईनं हात उचलला आणि फाडकन तिच्या मुस्काटात ठेवून दिली.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "कोण ही सटवी?"

मग तिला त्या बाईच्या कोपरावरचं ठिगळ दिसलं. निळ्या गणवेशाला हिरवं ठिगळ. निळं कापड मिळेना म्हणून तिनं स्वतःच लावलेलं.

हातातली चादर सुटली आणि खालच्या मजल्यावरच्या दोरीवर जाऊन पडली.

मारलं होतं, ते ती विसरली नव्हती. त्या दुपारपासून उजवा हात तिला परक्याचा वाटत होता. पण तिच्या आठवणीत ती एक चापट होती, घाईत बसलेली. पडद्यावर मात्र हात खांद्यापासून निघत होता. म्हातारीची मान वळत होती. आणि त्या बाईचा चेहरा! असा चेहरा आपल्याला करता येतो, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

"नको आई."

"लाव म्हणते ना."

लेकीनं लावलं. ठिगळ तिथंच होतं.

वृद्धाश्रमात मावशीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. म्हाताऱ्यांची नखं तिनं कापली, पाठी चोळल्या, गेलेल्यांचे डोळे मिटले. तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा एकेकाला पाठुंगळी घेऊन जिना चढली, एक आजोबा तर वर पोचल्यावर म्हणाले होते, "आणखी एक फेरी मारतेस का? मजा आली." यातलं काही कुणी टिपलं नव्हतं, आणि टिपावं असं तिलाही कधी वाटलं नव्हतं.

"खाली लोकांनी काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"राहू दे."

"वाच."

लेक वाचू लागली. हिचे हात तोडा. हिच्या घरच्या म्हाताऱ्यांचं काय करत असेल ही? हिला पोरं असतील तर त्यांनीच हिला रस्त्यावर काढावं. इथं लेकीचा आवाज चिरकला, तरी ती वाचत राहिली. मग एकदम थांबली.

"काय गं?"

"टायरवाले आहेत."

टायरचं दुकान चालवणाऱ्या या माणसाची आई आश्रमात मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली होती. तेव्हा हा एवढा धिप्पाड माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला होता. "मावशी, तुम्ही होता म्हणून," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"काय लिहिलंय त्यानं?"

"माझी आई याच बाईकडे होती. मला तेव्हाच शंका आली होती."

मावशी गॅलरीतल्या स्टुलावर बसली. खालच्या मजल्यावरची शेजारीण दोरीपाशी आली. एरवी पडलेला रुमालसुद्धा ती वर आणून द्यायची आणि तासभर गप्पा मारून जायची. आज तिनं वर पाहिलं, चादर चिमटीत धरून आपल्या कपड्यांवरून बाजूला सारली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग मोठ्या बाईंचा फोन आला. या आश्रमाच्या अधीक्षिका. त्या कधी आवाज चढवत नसत, तशा आजही नाही चढवला. "चौकशी होईपर्यंत येऊ नका. फाटकापाशीही नको. लोक जमतात."

"मास्तरीणबाई कशा आहेत?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही आता त्यांची विचारपूस करू नये, हे बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मास्तरीणबाई म्हणजे तीच, मार खाल्लेली म्हातारी. आख्खी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. अलीकडे तिच्या डोक्यात बसलं होतं, की जेवणातून आपल्याला विष घालतात. समजावून झालं, रागावून झालं, गोळ्या बदलून झाल्या. मग एकदा तिनं ताट मावशीकडे ढकललं आणि वर्गात बोलावं तशी म्हणाली, "आधी तू खा." मावशीनं एक घास खाल्ला. बाई तिच्या गळ्याकडे बघत राहिली. तो घास खाली उतरलेला दिसला, तेव्हा तिनं आपलं तोंड उघडलं.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. पहिला घास मावशीचा, मग चमचा बदलायचा आणि पुढचे बाईंचे. पण स्वयंपाकघराच्या दारावर पाटी होती: रहिवाशांच्या ताटातलं खाणाऱ्याला तात्काळ कामावरून काढलं जाईल. एका आचाऱ्याला काढलंही होतं. म्हणून मावशी दाराकडे पाठ करून बसायची, पटकन घास घ्यायची आणि कुणाला काही सांगायची नाही.

त्या दुपारी मोठ्या बाई पाहुण्यांना खोली दाखवत होत्या. अगदी खाटेपाशी उभ्या. मावशीची हिंमत झाली नाही. आज एकदा चालून जाईल, असं म्हणत तिनं पहिला घास थेट मास्तरीणबाईंच्या तोंडात घातला. पाहुणे पुढच्या खोलीत गेले आणि बाईंनी तो थुंकला. "तूसुद्धा!" त्या ओरडल्या. "तूसुद्धा त्यांच्यातली!"

आणि मावशीनं मारलं. भरवसा मोडला स्वतः, आणि वर मारलं तिलाच. हे त्या चित्रात दिसत नव्हतं, आणि लिहिणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी आणखी वाईट लिहिलं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिडीचा फोन आला. ही तिची पाळी बदलणारी जोडीदारीण. माळ्यावरचा डबा स्टुलाशिवाय काढायची, म्हणून सगळे तिला शिडी म्हणत.

"मावशी, मी फोन केल्याचं बोलू नकोस हां. मास्तरीणबाई जेवेनात गं. पाणीसुद्धा ओठाला लावू देत नाहीत. उद्या नाकातून नळी घालणार म्हणतायत. तू काय जादू करायचीस ते तरी सांग."

हिला सांगितलं, तर ही चोरून खाणार आणि उद्या पकडली जाणार. हिच्या घरी हिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटते.

"मी येते," ती म्हणाली.

"कुठं जातेस?" लेक दारात आडवी झाली. "रस्त्यात कुणी ओळखलं तर?"

"ओळखू दे. मीच आहे ती."

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला पाहिलं आणि मान खाली घातली. "आत नाही सोडता येणार, मावशी. माझ्या पोटावर पाय नको देऊ."

"नाही येत आत. मोठ्या बाईंना इथं बोलाव."

मोठ्या बाई आल्या, पण फाटकाच्या पलीकडेच उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं."

"तिला नळी घालू नका. आधी तुम्ही खा. तिच्या समोर, तिच्याच वाटीतला एक घास. गिळलेला दिसला पाहिजे. मग ती खाईल."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे तुम्ही रोज तिच्या ताटातलं खात होता?"

"हो."

"हे मला चौकशीत लिहावं लागेल. तुमच्या नोकरीची थोडीफार आशा होती, तीही जाईल. कळतंय ना?"

"लिहा की," मावशी म्हणाली. "पण आधी खा."

मोठ्या बाई वळल्या आणि आत गेल्या. पहारेकऱ्यानं आपली खुर्ची फाटकाच्या गजांना टेकवून ठेवली, म्हणजे गजांतून हात घालून तिला आधार तरी घेता यावा. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग वरच्या मजल्याच्या खिडकीत शिडी दिसली. तिनं वाटी पालथी करून दाखवली. वाटीतून काही सांडलं नाही.

"काही म्हणाल्या का?" मावशीनं खालून हातवाऱ्यांनी विचारलं.

शिडीनं खिडकी उघडली. "म्हणतात, ती अजून कशी नाही आली, तिला उशीर का झाला? मार त्यांना आठवतच नाही गं!"

मावशी गजांना धरून उभी राहिली. सगळ्या जगाला आठवत होतं. जिला बसला, तिला नाही. आता माफी मागायची तरी कुणाची?

संध्याकाळी आश्रमाचं निवेदन आलं. लेकीनं ते वाचलं आणि फोन गादीवर आपटला. "संबंधित कर्मचारी रहिवाशांचं अन्नही खात असल्याचं निष्पन्न झालं आहे. एवढंच! का खात होतीस, त्याचा एक शब्द नाही. आता बघ खाली काय चाललंय. म्हातारीला उपाशी मारायची म्हणतायत! टायरवाल्यांनी पुन्हा लिहिलंय. आई, तुला सांगायला कुणी सांगितलं होतं?"

मावशीनं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. अन्न खात असे. हो, खात असे. प्रत्येक शब्द खरा होता. एवढ्या खऱ्या शब्दांची अशी बाई कशी तयार होते?

"शिडीला फोन लाव," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"संध्याकाळच्या जेवणाचं विचार. पहिला घास कुणी खाल्ला?"

लेकीनं लावला, विचारलं, ऐकलं. तिचा चेहरा बदलला.

"मोठ्या बाईंनी," ती म्हणाली. "स्वतः. बाकीच्यांना जेवणघरात नेलं होतं, तेवढ्यात. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या शिडीला. दार लावून खाल्ला."

मावशीनं फोन लेकीच्या हातातून घेतला.

"ऐक गं शिडे. मोठ्या बाईंना सांग, दार लावू नका. मास्तरीणबाईंना बंद दाराची भीती वाटते. दाराकडे पाठ करून बसा म्हणावं."