पुसलेला कौल

“ह्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, म्हणून तर सांगतोय. बसण्याजोगी गोष्ट काय, कुणी बी सांगंल,” वेल्ह्यातल्या मिरची कांडपाचा मालक गेनबा म्हणाला. लाईट गेली होती. लोखंडी मुसळं अर्ध्यातच थांबली होती, आणि पाच-सहा बाया पिशव्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मिरचीच्या खकाण्यापायी सगळ्यांनी तोंडाला पदर बांधलेला, नुसते डोळे उघडे. गेनबानं तपकिरीची चिमूट ओढली आणि सुरू केलं.

आपला बाजारातला फोटोवाला गोरख. वरातीच्या घोड्याच्या पायाशी बसून व्हिडिओ काढणारा गडी. पण दोन सालांमागं पंधरा दिवस तो असा भ्याला होता, की त्याच्या दुकानात काढलेल्या पासपोर्ट फोटोत माणसाला दोन-दोन नाकं यायला लागली. कॅमेरा एका जागी ठरतच नव्हता ना!

झालं असं. कामथडीच्या चिमाजींची सुलक्षणा त्याच्या मनात भरली होती. पोरीचीही ना नव्हती. त्यानं तिला मोबाईल आणून दिला, तिला मेल आयडी नव्हता म्हणून आपलाच घालून दिला. त्याची रीतच ती, गिऱ्हाइकाकडं आयडी नसला की आपला घालून मोकळा. पण चिमाजी म्हणजे देवाला विचारल्याबिगर बियाणं न आणणारा माणूस. म्हणाले, “कौल लावू. देव व्हय म्हणाला तर पोरगी तुमची.”

देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर विषय संपला. चिमाजींच्या पुण्यातल्या भावांना दाखवायला कौलाचा व्हिडिओ पाहिजे होता. तो काढायचा कुणी? चिमाजी म्हणाले, “घरात फोटोवाला येतोय, आन् भाईर कशाला हुडकायचं?”

गोरखनं मोबाईल स्टँडवर लावला. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. अर्धा तास गेला, पाकळ्या हलेनात. मग हलली ती डावी. गाभाऱ्याच्या दाराशी गुरवाचा लहानसा टेबलफॅन फिरत होता. गोरखचा पाय हळूच पुढं सरकला आणि अंगठ्यानं त्यानं फॅनचं तोंड वळवलं. उजवी पाकळी टपकन खाली. गुरवानं घंटा बडवली, चिमाजींनी जावयाला उरी कवटाळलं. पंधरा दिवसांवरची तारीख तिथंच धरली.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यानं तो व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला, मोठा करून पाहिला, आणि हातातला चहाचा ग्लास खाली पडला. देवामागची पितळी प्रभावळ त्या सकाळीच चिंचेनं घासलेली. तिच्यात आरशासारखा सगळा गोरख दिसत होता. उघडे डोळे, लांब केलेला पाय, फॅनवर अंगठा.

त्यानं तेवढा भाग कापून भावांना धाडला आणि अख्खा व्हिडिओ मोबाईलमधून, लॅपटॉपमधून पुसून टाकला. सुटलो म्हणून घाम टिपतोय, तोच सुलक्षणाच्या भावाचा, हनुमंताचा फोन. पोरगा पुण्यात कॉम्प्युटर शिकतो, आणि हाच वापरलेला लॅपटॉप त्याला द्यायचं गोरखनं कधीच कबूल केलेलं.

“दाजी, रविवारी न्यायला येतो. आन् एक गंमत दावतो तुमाला. त्यातलं पुसलेलं समदं परत काढून दावतो. कॉलेजात शिकवलंय आमाला.”

“स-समदं?”

“तुमचे जुने उद्योग बी!” हनुमंत हसला. गोरखला हसू येईना.

त्यानं स्वतःच तसला एक प्रोग्राम उतरवून लॅपटॉपवर चालवला. दोन तासांनी फायलींची लांबलचक यादी आली. एकीच्या नावाजागी नुसते आकडे होते. उघडली, तर प्रभावळ, फॅन, अंगठा! मग त्यानं आंबवड्यातल्या एका लग्नाचा व्हिडिओ सतरा वेळा कोंबून डिस्क गळ्यापर्यंत भरली, पुन्हा रिकामी केली, पुन्हा शोधलं. ह्या वेळी देव नव्हता, देऊळ नव्हतं. तीन सेकंद उरले होते, आणि त्या तीन सेकंदांत नुसता अंगठा. जितकं पुसावं तितका तो अंगठा मोठा होऊन समोर येत होता. दुकानातला पंखा फिरला तरी गोरख दचकायचा. त्यानं तो बंद केला आणि घामानं निथळत बसून राहिला. रस्त्यानं चालताना लोक आपल्या पायाकडं बघतात असं त्याला वाटे, म्हणून त्यानं अंगठ्याला फडकं गुंडाळलं. कुणी विचारलं की म्हणायचा, ठेच लागली.

शुक्रवारी लॅपटॉप काखेत मारून एसटीनं भोरला गेला. तिथं भार्गवी मॅडम कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. गोरख म्हणाला, “एका गिऱ्हाइकाची भानगड हाय, मॅडम. वरून इतकं लिवलं तरी खालचं जात कसं न्हाई?”

मॅडम म्हणाल्या, “जुन्या डिस्कमध्ये त्याच जागी लिहिलं जायचं. ही नवी चिपची डिस्क तसं करत नाही. तुम्ही तिला सांगता, ही भिंत रंगव. ती शेजारी दुसरी भिंत बांधते, ती रंगवते, आणि तुम्हाला म्हणते, रंगवली. जुनी भिंत आत कुठंतरी काही काळ तशीच उभी.”

“मग ती पाडायची कशी?”

“डिस्कलाच सगळं पुसायचा हुकूम देता येतो. बहुतेक वेळा ती ऐकते.”

“भौतेक?” गोरख उठून उभा राहिला.

“तिनं खरंच पुसलं की नुसती मान डोलावली, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. ‘नक्की गेलं’ असं मी तरी लिहून देणार नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याची दुसरी कॉपी कुठं...”

पण गोरख तोवर जिना उतरून गेला होता. परतीच्या एसटीत नसरापूरपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र. लग्नाचा मांडव, हनुमंताच्या मांडीवर लॅपटॉप, चिमाजी वाकून पाहतायत, आणि सुलक्षणा कपाळाची हळद पदरानं पुसतीय.

शनिवारी सकाळी तो आला थेट ह्या कांडपावर. लॅपटॉपमधून उपटलेली डिस्क रुमालात बांधलेली, चेहरा पिठासारखा पांढरा.

“आबा, हे कांडा.”

“ह्याचा मसाला कशाशी खायाचा रं, गोरख?”

“इचारू नका. तुमच्या पाया पडतो.”

मग बसून सगळं सांगितलं त्यानं, लहान पोरासारखं रडत. डिस्क मुसळाखाली घातली. पहिल्या घावाला ती ओरडली, बायांनो, माणसासारखी ओरडली! तासभर कांडली, तीनदा चाळली, पार काजळी केली. पण चिमूटभर उखळात राहिलीच. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी हितनं मसाला नेला, त्यांच्या ताटातली भाकरी आठवडाभर उजव्या बाजूनंच खाली पडत होती. खोटं वाटत असंल तर खालच्या आळीत विचारा!

रविवारी हनुमंत आला. लॅपटॉपमध्ये गोरखनं कोरी डिस्क घातलेली. पोरगं दोन दिवस उकरत बसलं, हाताला काही लागलं नाही. तरी अक्षता पडेपर्यंत गोरखची नजर मांडवातल्या पंख्यावरच होती. त्यानंतर कुठं त्यानं अंगठ्याचं फडकं सोडलं.

“तर असं,” गेनबानं मांडीवर थाप मारली. “त्यो व्हिडिओ आज ह्या पृथ्वीवर कुठंच न्हाई. गोरखबिगर त्यो कुणी बगितला न्हाई, आन् कुणी बगणार बी न्हाई.”

“खोटं!”

कोपऱ्यातल्या बाईनं तोंडावरचा पदर खाली ओढला. ती सुलक्षणा होती. गेनबाची तपकिरीची डबी हातातच राहिली.

“डिस्क वरडली म्हणा, भाकरी पडली म्हणा, ते तुमचं चालू द्या, आबा. पन कुणी बगितला न्हाई, हे साफ खोटं. माज्या मोबाईलला आयडी कुणाचा हाय? ह्यांचाच. आयडी एकच, म्हणून ह्यांच्या मोबाईलातलं समदं माज्यात बी येतं. ह्यांनी पुसायच्या आदीच, कौलाच्या सांजेला, त्यो व्हिडिओ आपसूक आला माज्याकडं. उतरवून घिऊन, धा येळा बगून मग मी हळदीला बसले.” तिनं पिशवीतून मोबाईल काढून गेनबापुढं धरला. “हितं हाय अजून. बगा. अंगठा बी हाय.”