पाच मिनिटे पुढे

मित्रांनो, स्टेशनच्या प्रतीक्षालयात भिंतीवर जे गोल घड्याळ दिसते ना, ते मीच. काच तडकली, आकडे पिवळे पडले, पण काटे अजून चालतात. दोन शहरांना जोडणारी आमची गाडी आणि मी एकाच वयाचे. मला भिंतीवर टांगले आणि चौथ्या दिवशी पहिली गाडी सुटली. तेव्हा तिला आठ डबे होते, तरी बसायला जागा मिळणे म्हणजे नशीब!

लोक मात्र भारी धांदरट. रोज दहा-बारा जण धापा टाकत यायचे आणि गाडीचे शेपूट बघत राहायचे. शेवटी मास्तरांनी, म्हणजे आमच्या स्टेशनमास्तरांनी, माझा काटा गुपचूप पाच मिनिटे पुढे सरकवला. गुपचूप कसले? महिन्याभरात सगळ्या गावाला कळले. "पाच वीसची गाडी ना? घड्याळात पाच पंचवीस होऊ देत की," म्हणत लोक पुन्हा निवांत झाले. मास्तरांनी कपाळाला हात लावला, पण काटा तसाच राहू दिला. पंचवीस वर्षे मी खोटे बोललो आणि कुणाचे काही अडले नाही.

मग एका दुपारी मोठे साहेब तपासणीला आले. मला पाहून भडकलेच. "स्टेशनचं घड्याळ चुकीचं? लाज नाही वाटत?" मास्तरांनी स्टुलावर चढून काटा मागे घेतला. खरे सांगतो, मला अभिमान वाटला. इतक्या वर्षांनी मी बरोबर होतो! 'घड्याळ आता बरोबर आहे' एवढी एक चिठ्ठी माझ्याखाली चिकटवायची होती. साहेबांच्या सरबराईत ती राहून गेली.

त्याच संध्याकाळी गावातले बाइंडरकाका आले. त्यांची एकुलती लेक दुसऱ्या दिवशी पहाटे पलीकडच्या शहरातून बोटीने परदेशी निघणार होती, पाच वर्षांसाठी. तिच्यासाठी स्वतः बांधलेली जाड वही काकांच्या पिशवीत होती. गाडीत खिडकीशी पिशवी ठेवून त्यांनी जागा धरली आणि माझ्यासमोर चहाचा ठेला चालवणाऱ्या मावशींकडे चहाला आले.

"बसा की आता गाडीत," मावशी म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिले. "अहो, हे पाच मिनिटं पुढे असतं. वेळ आहे अजून."

मावशींनीही मान डोलावली. त्यांना तरी कुठे ठाऊक होते? शिट्टी झाली, तेव्हा काकांना वाटले मालगाडीची असेल. वळून बघतात तो शेवटचा डबा निघालेला! साहेब त्याच गाडीत बसले होते, त्यामुळे गाडी थांबवायची कुणाची छाती झाली नाही. पहाटेपूर्वी दुसरी गाडी नव्हती. पलीकडच्या स्टेशनवर वाट बघणाऱ्या लेकीच्या हातात गार्डने पिशवी दिली. ती पोटाशी धरून शेवटचा माणूस उतरेपर्यंत पोर फलाटावर उभी होती म्हणे.

मास्तर ढसाढसा रडले. काकांनीच त्यांना धीर दिला आणि माझ्याखालच्या बाकावर बसून लेकीला लिहिले, 'चहाच्या नादात गाडी चुकली. तुझा बाप पहिल्यापासूनच वेंधळा.' चौथ्या वर्षी काका गेले. मग लेकीचेही येणे लांबत गेले.

पुढे मोठा रस्ता झाला, बसगाड्या वाढल्या. आमच्या गाडीचे आठ डबे होते, त्यांचे दोन उरले. एक दिवस ती बंद होणार असल्याचा कागद लागला. बघा, त्यासाठी मात्र कागद मिळाला!

शेवटच्या दिवशी लेक आली होती. वडिलांचे दुकान आवरून परत निघालेली. मावशींकडे चहा घेत ती माझ्याकडे बघून हसली. "हे पाच मिनिटं पुढे असतं. वेळ आहे अजून."

मावशी किंचाळल्याच, "अगं, पळ! ते आता बरोबर असतं!"

"बरोबर? कधीपासून?"

"तू बोटीत बसलीस ना, त्याच्या आदल्या दुपारपासून."

तिच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हणजे बाबा..."

"हो गं बाई. वेंधळे नव्हते ते."

ती माझ्याखालच्या बाकावर बसून रडू लागली. दारातून गार्डने ते पाहिले आणि हिरवा बावटा खाली घेतला. शेवटच्या गाडीला उशिराचा जाब कोण विचारणार? तिला घेऊन गाडी पाच पंचवीसला सुटली. मित्रांनो, एवढे थांबणे त्या दिवशी का नाही जमले कुणाला?

मी बरोबर होतो, हे मला अजून खाते. कुणाची चूक जरूर सुधारा. पण तिच्यावर विसंबून कोण चहा पीत बसले आहे, ते आधी बघा आणि त्याला सांगा. एक चिठ्ठी पुरते.